अंग भरलं, पण जोर वाढला का?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येत होते, की ताकद वाढवायचा व्यायाम आणि अंग भरायचा व्यायाम एकच असतो की वेगळा. म्हणून हा अंक सगळा त्याच विषयाला दिलाय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव आणि वय तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी विट्याचा, वय २१. दोन वर्षं झाली जिम करतोय. माझा दंड १५ इंच आहे, माझ्यासोबत येणाऱ्या मित्राचा १३ पण नाही. बेंचला (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) मी ६० किलोचे १० रेप (म्हणजे न थांबता दहा वेळा) मारतो, तो ८ वर थांबतो. पण परवा आम्ही मॅक्स (एकदाच जास्तीत जास्त किती किलो उचलतं ते बघायला) लावली तर मी ७५ वर अडकलो आणि त्याने ८५ उचलले. सगळे बघत होते, फार वाईट वाटलं. माझी बॉडी नुसती फुगलेली आहे का?

उत्तर : नाही रे, नुसती फुगलेली वगैरे काही नसतं. तुझा दंड खरा आहे, तो तू दोन वर्षं घाम गाळून कमावलायस. पण तू आणि तुझा मित्र एकाच जिममध्ये, एकाच बेंचवर, दोन वेगळ्या गोष्टींचा सराव करताय आणि परवा जी परीक्षा झाली ती त्याच्या विषयाची होती.

शाळेत रस्सीखेच बघितली असशील. एका बाजूला धिप्पाड पोरं, दुसऱ्या बाजूला किरकोळ, आणि तरी कधी कधी किरकोळ टीम जिंकते कारण ती सगळी एका आवाजावर एकदम ओढतात आणि धिप्पाड टीममधला प्रत्येकजण आपापल्या वेळेला ओढतो. स्नायूत हेच चालतं. स्नायू हजारो तंतूंचा असतो आणि मेंदूकडून येणारी एक एक नस तंतूंच्या एका एका तुकडीला हुकूम देते. नवशिक्या माणसाला सगळ्या तुकड्या एकदम आणि वेगाने कामाला लावता येत नाहीत. जड वजनाचा सराव केला की मज्जासंस्था हे शिकते, शिवाय उलट बाजूचे स्नायू जे विनाकारण ब्रेक लावत असतात ते सैल सोडायला शिकते, आणि बार कोणत्या रेषेत वर न्यायचा ते पक्कं बसतं. म्हणजे जोर वाढवणं हे बरंचसं टीमला एकदम ओढायला शिकवणं आहे, आणि अंग भरणं म्हणजे टीममधली पोरं जाडजूड करणं.

हे नुसतं उदाहरण नाहीये. एका हाताचा व्यायाम केला तर दुसऱ्या, काहीच न केलेल्या हाताची ताकदही थोडी वाढते, ही गोष्ट १८९४ पासून नोंदलेली आहे. त्या दुसऱ्या हाताचा स्नायू काही वाढलेला नसतो, शिकलेली असते ती मज्जासंस्था. (एक हात प्लास्टरमध्ये असलेल्यांनी दुसऱ्या हाताचा व्यायाम डॉक्टरांना विचारून जरूर चालू ठेवावा, बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते.) नवीन जिम लावल्यावर पहिल्या एकदोन महिन्यात वजनं भराभर वाढतात आणि आरशात मात्र फारसं काही दिसत नाही, त्याचंही कारण हेच.

आता तुझा हिशोब बघू. ६० किलोचे १० रेप निघत असतील तर जिममध्ये वापरतात त्या नेहमीच्या फॉर्म्युल्याने एका रेपचा मॅक्स ८० च्या आसपास यायला हवा. तू ७५ वर अडकलास, कारण ७५ किलो हातात धरल्यावर कसं वाटतं तेच तुझ्या शरीराला माहीत नव्हतं. मित्राला विचार, तो नक्की ३-३, ४-४ रेपचे जड सेट (सेट म्हणजे न थांबता मारलेल्या रेपची एक फेरी) मारत असणार आणि मध्ये बराच वेळ बसून राहत असणार आणि तुम्ही त्याला टाइमपास करतोय म्हणत असणार. त्यात त्याचे हात तुझ्यापेक्षा आखूड असतील किंवा छाती खोल असेल तर बारला अंतरही कमी जातं, ते जन्माचं असतं, त्याचं दुःख करू नको.

हे तुझ्या एकट्याचं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत दोन अमेरिकनांची स्क्वॉटची (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायची) जुगलबंदी झाली होती. एक टॉम प्लॅट्झ, बॉडीबिल्डर, ज्याच्या मांड्यांचे फोटो आजही जिमच्या भिंतींवर असतात, आणि दुसरा फ्रेड हॅटफिल्ड, पॉवरलिफ्टर, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं) एका रेपमध्ये जास्तीत जास्त वजन उचलायची स्पर्धा खेळणारा. एका रेपच्या मॅक्समध्ये हॅटफिल्ड जिंकला, ८५५ पौंड म्हणजे जवळजवळ ३८८ किलो. मग बारवर ५२५ पौंड, म्हणजे २३८ किलो लावून कोण जास्त रेप मारतो ते बघितलं तर प्लॅट्झने २३ मारले आणि हॅटफिल्ड त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबला. यातला कोण कमजोर, सांग. ज्याने ज्याचा सराव केला ते त्याला आलं.

आणि लांब कशाला जायचं, तुझ्याच जिल्ह्यातला सांगलीचा संकेत सरगर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात स्नॅच (एका झटक्यात थेट डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८ किलो, कोपर दुखावलं तरी रौप्य, आणि सोनं फक्त एका किलोने हुकलं. ५५ किलोचा मुलगा १३५ किलो डोक्यावर धरतो. रस्त्यात टी-शर्ट घालून दिसला असता तर तुमच्या जिममधल्या कोणी मान वळवूनही बघितलं नसतं. वजनगटात खेळणाऱ्यांना अंग वाढवायची मुभाच नसते, म्हणून आहे त्या स्नायूतून शेवटचा थेंब जोर कसा काढायचा हे ते वर्षानुवर्षं शिकतात.

तुला जोर हवा असेल तर आठवड्यातून दोनदा बेंच कर, वॉर्मअपनंतर तुझ्या मॅक्सच्या ८० ते ८५ टक्के वजन, म्हणजे सध्या ६० ते ६२.५ किलो, त्याचे ५ सेट, प्रत्येकी फक्त ३ रेप. हो, दहा निघतात त्या वजनाचे तीनच. सुरुवातीला सोपं वाटेल आणि तसंच वाटायला पाहिजे. प्रत्येक रेप छातीवर क्षणभर थांबवून जमेल तेवढ्या वेगाने वर. मध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती, मोबाइलवर टायमर लावून. दर आठवड्याला अडीच किलो चढव, थरथरत आणि वाकडातिकडा रेप निघायला लागला की थांब. जोराच्या सरावात फेल होईपर्यंत, म्हणजे पुढचा रेप निघतच नाही तिथपर्यंत मारायचं नसतं, कारण थकलेल्या शरीराने मारलेला वाकडा रेप हाही सरावच असतो, वाकड्याचा.

अंगासाठी हिशोब उलटा. तिथे सेट संपताना टाकीत एक, फार तर दोन-तीन रेप शिल्लक असले पाहिजेत, त्याहून जास्त नाही. वजन ८ रेपचं असो की २० चं, त्याने फार फरक पडत नाही हे आता बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. मेंदू छोट्या तुकड्या आधी बोलावतो आणि मोठ्या शेवटी, त्यामुळे हलक्या वजनाला मोठ्या तुकड्या थकव्याच्या टोकालाच कामाला लागतात आणि वाढतात जास्त त्याच. तिथपर्यंत गेलंच नाहीस तर वीस रेप मारून नुसता घाम. अंगासाठी आठवड्याला एका स्नायूचे दहा ते वीस चांगले सेट, विश्रांती दीड-दोन मिनिटं, मशीन, केबल, डंबेल काहीही चालतं, कोन बदलले तरी चालतात. जोरासाठी मात्र तेच तेच तीन-चार व्यायाम पुन्हा पुन्हा, कंटाळा आला तरी.

प्रश्न : दोन्ही एकत्र नाही का करता येत? मला ताकदही हवी आणि बॉडीही. नोकरी करून आठवड्याला चारच दिवस मिळतात. — वय २९, ठाणे

उत्तर : येतं, आणि तुमच्यासारख्या साध्या माणसाने तेच करावं. आधी एका प्रयोगाबद्दल सांगते, तो मला फार आवडतो. २०१४ मध्ये अमेरिकेत आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले, एकाला ७ सेट ३-३ रेपचे जड, आणि दुसऱ्याला ३ सेट १०-१० रेपचे, एकूण उचललेलं वजन जवळपास सारखं. आठ आठवड्यांनी दंडाची जाडी दोन्हीकडे सारखीच वाढली होती, ताकद मात्र जडवाल्यांची जास्त वाढली. हे ऐकून लोक म्हणतात मग जडच मारू की! पण जडवाल्यांना एकेका दिवसाला तासाभराच्या वर लागत होतं आणि दुसऱ्यांचं वीस मिनिटांच्या आत उरकत होतं, आणि जड गटात थकवा आणि सांध्यांच्या तक्रारीही जास्त होत्या. अंगासाठी जे काम दहाच्या सेटमध्ये स्वस्तात होतं तेच तीनच्या सेटमध्ये महाग पडतं, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही असं करा. प्रत्येक दिवशी पहिला व्यायाम जड, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, खांद्यावरून प्रेस यातला एक, ४ सेट ३ ते ५ रेपचे, ताजेतवाने असताना, पूर्ण विश्रांती घेऊन. मग उरलेल्या पस्तीस-चाळीस मिनिटांत तीन व्यायाम ८ ते १५ रेपचे, शेवटच्या सेटला जवळजवळ फेल. क्रम उलटा करू नका, बायसेप-ट्रायसेप मारून थकलेल्या हातांनी जड बेंच ही दुखापतीला दिलेली निमंत्रणपत्रिका आहे.

सहा-सात महिन्यांनी यातलं पुढे सरकणं थांबतं. तेव्हा काळ वाटून घ्या, आठ-दहा आठवडे अंगावर भर, जड सेट फक्त विसरू नये म्हणून, आणि मग चार-सहा आठवडे जोरावर भर. हा क्रमही असाच ठेवा, कारण आधी टीम मोठी करायची आणि मग ती एकदम ओढायला शिकवायची. ताकद वाढवता वाढवता एक दिवस अशी भिंत येते की मज्जासंस्थेकडून मिळण्यासारखं बहुतेक सगळं मिळालेलं असतं, मग स्नायू वाढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मोठे पॉवरलिफ्टरही वर्षातले कितीतरी महिने बॉडीबिल्डरसारखेच व्यायाम करतात ते यासाठीच.

माझ्या पहिल्या पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेचं सांगते. मी तीन वर्षं सलग १० ते १२ रेपच मारत होते, खांदे-पाठ छान भरलेली, आणि मला वाटलं होतं की स्पर्धेच्या आधी दोन आठवडे जड मारलं की झालं. बेंचला पंच ‘प्रेस’ म्हणेपर्यंत बार छातीवर स्थिर धरावा लागतो. मी कधी तसं थांबलेच नव्हते. पहिला प्रयत्न हुकमाआधी उचलला म्हणून बाद, दुसरा थांबले तर वरच गेला नाही, तिसराही नाही. तिन्ही प्रयत्न गेले की माणूस स्पर्धेतूनच बाहेर. घरी येताना एसटीत रडले. अंगात ताकद होती, पण ती त्या रूपात मी कधी मागितलीच नव्हती, आणि शरीर न मागितलेलं देत नाही.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम फुकट गेला असं समजायचं का? आणि पंप आला नाही तर? — वय १९, जालना

उत्तर : नाही. अंग दुखतं ते बहुतेक वेळा नवीन काहीतरी केलं म्हणून, आणि तोच व्यायाम तीन-चार वेळा केला की दुखणं थांबतं, वाढ थांबत नाही. पंप म्हणजे स्नायूत भरलेलं रक्त आणि पाणी, तासाभरात उतरतं. जोराच्या दिवशी तर पंप येणारच नाही, ३ रेपने कुठला येणार. वही ठेव, त्यात वजन आणि रेप लिही, महिन्यापूर्वीपेक्षा आकडा पुढे गेला असेल तर काम चालू आहे.

प्रश्न : मॅडम मी पोलीस भरतीची तयारी करतोय, वय २३, परभणी जिल्हा. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. गोळा माझा कमी पडतो. गावातल्या जिमचा ट्रेनर म्हणतो आधी बॉडी बनव, मग गोळा आपोआप जाईल. पण बॉडी बनवली तर रनिंग मार खाईल असं मित्र म्हणतात. काय करू?

उत्तर : तुझे मित्र बरोबर आहेत आणि तुझा ट्रेनरही अर्धा बरोबर आहे. गोळा ७.२६ किलोचा, तो लांब टाकायला पायातून, कमरेतून जोर आणि तो पटकन बाहेर काढायची सवय लागते. मोठा माणूस गोळा लांब टाकतो हे खरं, पण तुला त्याच अंगाने १६०० मीटर पळायचं पण आहे, आणि अंगावर चढलेला प्रत्येक किलो चार राउंड तुझ्याबरोबर पळतो. म्हणून तुझ्यासाठी जोर, अंग नाही. भरतीची तारीख जवळ असताना तर मुळीच नाही.

आठवड्यात दोनच दिवस. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट ३ सेट ४ ते ५ रेप, खांद्यावरून प्रेस ३ सेट ५ रेप, आणि प्रत्येक सेटला दोन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. सगळं मिळून चाळीस मिनिटं. इतक्या कमी सेटने अंग फारसं भरत नाही आणि वजन वाढतं ते मुख्यतः जास्तीच्या खाण्याने, तेव्हा रोज सकाळी काट्यावर उभा राहत जा म्हणजे भीती राहणार नाही. पायाची ताकद वाढली की धावणंही सुधारतं, प्रत्येक पाऊल तुलनेने हलकं पडतं. जड पायांचा दिवस आणि वेगाच्या रनिंगचा दिवस सलग ठेवू नको, आणि एकाच दिवशी दोन्ही आलं तर सकाळी रनिंग, संध्याकाळी वजनं.

जिम लांब असेल तर वाळूचं पोतं भर, २५ किलोपासून सुरू कर, जमिनीवरून उचलून खांद्यावर घे, खाली ठेव, बाजू बदल. पाठ गोल होऊ देऊ नको. मग सगळ्यात महत्त्वाचं, गोळा टाकायचाच सराव. आठवड्यातून तीनदा, ताजा असताना, १०-१२ फेकी, प्रत्येक पूर्ण ताकदीने, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबून. पन्नास फेकी दमून टाकशील तर हळू फेकायलाच शिकशील. बेंच प्रेस शंभर किलो मारणारी पोरं गोळ्यात कमी पडताना मी बघितलीत, ती नुसत्या हाताने टाकतात.

प्रश्न : माझं वय ५२, नाशिक. पाळी थांबून दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी हाडांची घनता कमी होतेय, व्यायाम करा असं सांगितलं. लेडीज बॅचला जाते तर तिथे एक-एक किलोचे डंबेल देऊन २०-२०, ३०-३० वेळा हात हलवायला लावतात. जड मागितलं तर म्हणतात काकू, तुम्हाला झेपणार नाही आणि पुरुषांसारखे दंड होतील. मला एवढंच हवंय की घरातला गॅसचा सिलिंडर कुणाला हाक न मारता हलवता यावा.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा राग आला, तुमचा नाही, त्या एक किलोच्या डंबेलचा. दोन लिटर दुधाची पिशवी त्यापेक्षा जड असते आणि ती तुम्ही रोज उचलता.

पहिलं म्हणजे दंड पुरुषांसारखे होणार नाहीत. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने कितीतरी कमी असतं, आणि विशीतल्या मुली वर्षानुवर्षं भरपूर खाऊन, जीव तोडून मेहनत करतात तेव्हा कुठे थोडं अंग दिसतं. आपल्या वयाला काळजी उलटी करायची, असलेला स्नायू टिकवायची.

दुसरं, हाडांना हलक्या वजनाची फारशी दखलच घ्यावीशी वाटत नाही. त्यांना जड भार लागतो. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर प्रयोग झाला, सरासरी वय ६५ होतं. आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर प्रेस, ५ सेट ५ रेपचे, झेपेल त्या कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांच्या पुढे, आणि जोडीला उडी मारून जमिनीवर दणकन उतरायचा व्यायाम. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता वाढलेली होती आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची थोडी घटली होती. म्हणजे तुम्हाला लागतंय ते जोराचं ट्रेनिंग, तेच जे पॉवरलिफ्टर करतो, फक्त तुमच्या मापाचं. आणि त्या बायकांना पहिल्या दिवशी कुणी जड दिलं नव्हतं हेही लक्षात ठेवा, पहिला महिना हलक्यावर नुसतं तंत्र शिकवलं होतं आणि प्रत्येक दिवशी जाणकार माणूस शेजारी उभा होता.

भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. म्हणजे तुम्हाला ३५-४० किलोचं डेडलिफ्ट यायला हवं, आणि मणक्याला आधी फ्रॅक्चर वगैरे झालेलं नसेल तर वर्षाच्या आत ते येऊ शकतं. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून, मग ८-१० किलोची केटलबेल (वर मूठ असलेलं गोळ्यासारखं वजन) किंवा बादली दोन पायांच्या मध्ये ठेवून नितंब मागे ढकलून पाठ सरळ ठेवून उचलणं, ५ वेळा, ३ सेट. सोपं झालं की दोन किलो वाढवा. उचलताना श्वास कोंडून धरू नका, विशेषतः बीपी असेल तर, वर येताना सोडा. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचा रिपोर्ट ट्रेनरला दाखवा, आणि तो रिपोर्ट वाचून ज्याला काही कळत नाही किंवा जो तुम्हाला काकू म्हणून टाळतो त्याची बॅच बदला. पैसे तुम्ही देताय.

सिलिंडर हलवलात की मला नक्की कळवा.

प्रश्न : शिफ्टमध्ये काम करतो, चाकण. वय ३१, वजन ६८, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. फक्त ताकद वाढवायची असेल तर प्रोटीन कमी चालतं का? क्रिएटिन घ्यावं का?

उत्तर : प्रोटीन दोन्हीला जवळपास तेवढंच, वजनाच्या प्रत्येक किलोला दीड ते १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १०० ते ११०. फरक पडतो तो एकूण खाण्यात. अंग भरायचं तर रोज पोटाला लागतं त्याच्या थोडं वर खावं लागतं, नुसता जोर वाढवायचा तर वजन आहे तिथे ठेवूनही वाढतो.

शाकाहारात १०० ग्रॅम म्हणजे डब्बा भरून पावडर लागते असं नाही. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅमचे २६, अर्धा लिटर दुधाचे १६, १०० ग्रॅम पनीरचे १८, मूठभर शेंगदाण्याचे ७, ५० ग्रॅम मटकीला मोड आणून उसळ केली तर ११-१२, वाटीभर दह्याचे ५-६, सहा पोळ्यांचे १६-१८, आणि दोन वाट्या घट्ट वरणाचे १० तरी. बेरीज करा, ११० च्या आसपास येतं. पातळ वरण आणि भाताचा डोंगर यात मात्र ते बसत नाही.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट ताकद पुरवणारी पावडर, रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, जोर आणि अंग दोन्हीला थोडी थोडी मदत करतं, आणि शाकाहारी माणसाच्या शरीरात ते मुळात कमी असतं म्हणून फायदा जाणवायची शक्यता जास्त. सुरुवातीला किलोभर वजन वाढेल, ते पाणी असतं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि रक्त तपासायला गेलात तर क्रिएटिन घेतोय हे सांगा, नाहीतर क्रिएटिनिनचा (त्यावरून किडनीचं काम बघतात) आकडा बघून उगाच घाबरवतील. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मॅक्स लावू नका. झोप नसेल त्या दिवशी वजन दहा टक्के कमी करा, सेट तेवढेच ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, करवीर तालुक्यातल्या तालमीत आहे. रोज ३०० जोर, ७०० बैठका मारतो. दम भरपूर आहे पण समोरच्याला उचलायची वेळ आली की कमी पडतो. वस्ताद म्हणतात बैठका हजार कर. जिममध्ये घातला तर उंची खुंटेल का, अंग जखडेल का?

उत्तर : दादा, वस्तादांचा मान ठेवूनच सांगते. जोर-बैठकांनी तुमच्या मुलाला जे दिलंय ते सोन्यासारखं आहे, दम, गुडघ्या-खांद्यांची लवचीक ताकद, आणि शिस्त. ते बंद करायचं नाही. पण जो माणूस ७०० बैठका मारतो त्याच्यासाठी एक बैठक ही अगदी हलकी झालेली असते, आणि हजार केल्या तर तो हजार मारण्यात पटाईत होईल. समोरचा ६० किलोचा, विरोध करणारा पोरगा उचलायचा तर शरीराला तशा जडपणाची ओळख लागते. बैठकांच्या संख्येत ती मिळत नाही.

आपल्या तालमीत याचं उत्तर आधीपासून आहे. खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका, दोर चढणं, करेल (जड लाकडी मुद्गल) पेलणं, हे सगळं जोराचंच ट्रेनिंग आहे, फक्त हल्ली ते मागे पडून नुसते आकडे मोजणं राहिलंय. आठवड्यातले दोन दिवस ७०० ऐवजी २०० बैठका करू द्या आणि त्यानंतर जोडीदार खांद्यावर घेऊन ५ सेट ५-५ बैठका, मध्ये तीन मिनिटं पूर्ण थांबून. दोर ४-५ वेळा, शक्यतो पाय न लावता.

नीट शिकवणारा मिळाला तर बारही चालेल. वजनं उचलल्याने उंची खुंटते हा समज आहे, देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने तसं होत नाही, दुखापती होतात त्या मस्तीत मॅक्स लावल्याने. म्हणून १६ व्या वर्षी एका रेपचा मॅक्स नाही, ५ रेपच्या खाली उतरायचंच नाही. अंग जखडत नाही, उलट पूर्ण खाली बसून केलेल्या स्क्वॉटने लवचीकपणा टिकतो. आणि अंग थोडं भरलं तर भरू द्या, वाढीचं वय आहे. वजनगटाची काळजी मोठ्या कुस्त्या सुरू झाल्यावर करायची, आत्तापासून पोराला उपाशी ठेवून गट सांभाळू नका.

पहिले दोन आठवडे त्याला २० किलोचा रिकामा बारच द्या, डेडलिफ्टला बार जमिनीवर न ठेवता दोन्ही बाजूंना विटा रचून त्यांवर ठेवा म्हणजे उंची बरोबर येईल. वस्तादांना त्या वेळी बोलावून घ्या, शेजारी उभं राहू द्या. कुस्तीत पट काढताना (समोरच्याचा पाय धरून त्याला उचलताना) कंबर कशी राहते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि डेडलिफ्टला कंबर बरीचशी तशीच लागते.